खिळ्यावरचा राजगड

भोरच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या आठल्ये मास्तरांना चित्रकलेचा झटका आला तो एका खिळ्यामुळे. हा खिळा पुण्याला, त्यांच्या सासरेबुवांच्या दिवाणखान्यात, झोपाळ्याच्या बरोबर समोर होता. त्यावर लंबकाचं घड्याळ असे. घड्याळ दुरुस्तीला गेलं, घड्याळजी दुकान आवरून कुठेतरी निघून गेला, आणि खिळा रिकामा झाला. सासरेबुवा निवृत्त मामलेदार. रिकामी जागा दिसली की तिच्यावर कुणाची तरी नेमणूक केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. उन्हाळ्यात दोन्ही जावई आमरसाला जमले, तेव्हा त्यांनी पाटावरूनच जाहीर केलं की येत्या कोजागिरीला आपली साठीची शांत आहे, आणि तोवर त्या खिळ्यावर राजगडचा देखावा लागला पाहिजे. त्यांच्या खापरपणजोबांनी म्हणे राजगडावर काहीतरी केलं होतं. काय केलं होतं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, पण अभिमान सगळ्यांना होता.

थोरले जावई त्रिंबकराव लेले पुण्यातच एका पेढीवर नोकरीला होते आणि त्यांच्याकडे घडीचा कॅमेरा होता. "मी फोटो काढतो की," असं ते म्हणाले, आणि म्हणताना ते आठल्ये मास्तरांकडे बघून किंचित हसले. साडूसाडूंमध्ये असल्या हसण्याचा अर्थ लावायला कोश लागत नाही. मास्तरांच्या तोंडात त्या वेळी रस होता, तरी तो घाईघाईने गिळून ते म्हणाले, "फोटोत रंग कुठे असतो? मी स्वतः रंगवून देतो."

बोलून तर बसले. वास्तविक हिंदुस्थानच्या नकाशात ब्रिटिश मुलूख तांबडा आणि संस्थानं पिवळी करणं, याखेरीज मास्तरांनी जन्मात काही रंगवलेलं नव्हतं. पण पंगतीत शब्द गेला होता. सासूबाईंनी कौतुकाने वाटीत आणखी रस ओतला होता. आणि मुख्य म्हणजे त्रिंबकराव अजून हसतच होते. तेव्हा खिळा आता आपलाच लागला पाहिजे, नाहीतर ह्या घरात पुन्हा जेवायला बसण्यात अर्थ नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

भोरला परतल्यावर मास्तरांनी मुंबईहून एक इंग्रजी पुस्तक मागवलं. प्रवासात उघड्यावर बसून चित्रं कशी रंगवावीत हे त्यात एका साहेबाने सांगितलं होतं. साहेब इटलीत हिंडला होता. त्याचं सगळं सामान म्हणे कोटाच्या खिशात मावे, आणि तो जिथे जाई तिथले शेतकरी त्याला द्राक्षं आणून देत. मास्तरांनी हे वाक्य दोनदा वाचलं. पुस्तकाप्रमाणे रंग दोन जातींचे. एक जलरंग, ज्यातून खालचा कागद दिसतो. दुसरा त्याहून जाड, पांढरा मिसळलेला, खालचं सगळं झाकून टाकणारा. ह्या दुसऱ्याचं नाव फ्रेंच होतं आणि मास्तरांनी आपल्या इंग्रजीच्या बळावर ते 'गुवाश' असं वाचलं. अंबूबाई, म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती, परातीत कणीक मळत होत्या. असल्या नावाची वस्तू माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही, असं त्यांनी कणकेवरची नजर न काढता सांगितलं. पुढे त्यांनीच दोन्ही रंगांना 'पातळ' आणि 'दाट' अशी नावं दिली आणि ती घरात चालू झाली. "आज पातळ करणार की दाट?" असं त्या विचारीत, आणि बाहेरून येणाऱ्याला आमटीबद्दल चाललंय असं वाटे.

विकतचा दाट पुरेना, म्हणून मास्तरांनी तो घरीच करायला घेतला. सफेदा, डिंक, आणि बाजारातून आणलेल्या रंगाच्या पुड्या खलून त्यांनी लोणच्याच्या बरण्याच्या बरण्या भरल्या. उन्हात रंग चटकन वाळतो, म्हणून त्यात मधाचे थेंब टाकावेत असं साहेबाने लिहिलं होतं. मध शेजारच्या वैद्यबुवांकडे होता. वैद्यबुवांनी मध दिला नाही, सल्ला दिला. मध उष्ण, सफेदा शीत, दोन्ही एकत्र झाले की कागदाला पित्त होईल. शेवटी अंबूबाईंनी फडताळातली काकवी काढून दिली. काकवीने कुंचला असा काही सरसर फिरू लागला की साहेबाचे थेंब मास्तरांनी केव्हाच सोडले आणि ते सरळ पळीने घालू लागले. ही काकवी वाचकांनी लक्षात ठेवावी. मास्तरांनी ठेवली नाही.

पहिला प्रयोग नीरेच्या काठी झाला. मास्तर पाण्याचे तरंग बघण्यात गुंग झाले, पण त्या तरंगांच्या पलीकडे बायका धुणं धूत होत्या. आपण तरंग बघत होतो, हे त्यांना पुढचे कितीतरी दिवस गावभर सांगत फिरावं लागलं. दुसरा प्रयोग आंबवड्याच्या देवळाजवळ. तो घरी आणून भिंतीला टेकवला, तेव्हा वैद्यबुवा बघायला आले. देऊळ त्यांना गोठ्यासारखं वाटलं, झाडाला त्यांनी नावं ठेवली, पण आभाळातल्या पक्ष्यांच्या थव्याची मात्र तोंड भरून स्तुती केली. पक्षी काढल्याचं मास्तरांना स्वतःला आठवेना. तेवढ्यात तो थवा आभाळातून निघाला आणि रांगेने देवळाच्या कळसावर चढू लागला. वैद्यबुवा म्हणाले, "मास्तर, मुंग्या आहेत." मास्तर म्हणाले की ते त्यांनाही दिसतंय.

असे दोन महिने गेले. आभाळ काढावं तर ते ओघळून डोंगरावर यावं, डोंगर काढावा तर त्याचा उंट व्हावा. शाळेतली पोरं फळ्यावर उंट काढून खाली 'राजगड' लिहू लागली. पुण्याहून मेहुणीचं पत्र आलं, त्यात देखावा कुठवर आलाय अशी चौकशी होती. अंबूबाईंनी उलट टपाली कळवून टाकलं की इकडची स्वारी पोळ्याच्या सुट्टीला खुद्द गुंजवण्याला जाऊन, गडाखाली बसून चित्र काढणार आहे. बिचारीने नवऱ्याच्या अभिमानापोटी लिहिलं. पण मेहुणी ही त्रिंबकरावांची बायको असते, हे ती विसरली.

गडाचा देखावा काढायचा तर सरकारची परवानगी असलेली बरी, असं मास्तरांच्या मनाने घेतलं. कुणी मागितली नव्हती. पण संस्थानच्या शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय शिंकही येत नाही. कचेरीत ओळखीचे एक कारकून होते, त्यांच्यापुढे मास्तर जाऊन उभे राहिले आणि राजगड काढायची परवानगी हवी म्हणाले. कारकुनांनी चष्मा वर केला. "काढून कुठे नेणार?"

मास्तरांना वाटलं गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. गडावरून काय काय काढता येतं ते त्यांना पाठ होतं. दगड, चुना, लाकूड, गवत. त्यात खुद्द गड नव्हता. गड आहे तिथेच राहू द्यावा, असं त्यांचं प्रामाणिक मत पडलं. काढणे म्हणजे रंगवणे, असा मास्तरांनी खुलासा केल्यावर तर ते अधिकच गंभीर झाले आणि आख्खा रंगवणार काय म्हणून विचारू लागले. बरीच डोकेफोड झाल्यावर त्यांनी तोड काढली. लेखी काहीच नको. गुंजवण्याचे पाटील परवा कचेरीत येणार आहेत, त्यांच्या कानावर घालून ठेवतो. आणि खरोखरच त्यांनी रखमाजी पाटलांच्या कानावर घातलं की पोळ्याच्या दिवशी आमचे मास्तर रंग घेऊन तुमच्या गावात रंगवायला येताहेत, काय हवं-नको ते बघा. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आता पोळ्याच्या दिवशी सरकारातून माणूस रंग घेऊन येणार, यातून शेतकऱ्याने जे समजायचं तेच रखमाजी पाटील समजले.

भादव्यातल्या पोळ्याच्या दिवशी सर्वपित्री अमावास्या असते. वैद्यबुवांनी मास्तरांना ओट्यावर गाठून बजावलं की अमावास्येला गाव सोडू नये, त्यातून सर्वपित्रीला तर नाहीच. मास्तरांच्या घरचं श्राद्ध थोरल्या भावाकडे वाईला होई. आमचे पितर वाईला जेवतात, असं सांगून ते सर्व्हिस मोटारीत चढले. खांद्याला शाळेतल्या फळ्याची तिवई, बगलेत छत्री, पाठीला बरण्यांची पिशवी, हातात पाण्याचा तांब्या. साहेबाचा खिसा केवढा होता कोण जाणे.

मोटारीने त्यांना मार्गासनीला उतरवलं. पुढे गाडी करू, असा बेत होता. गाड्या होत्या, बैलही होते, गाडीवानही ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. पण तो जागचा हलेना. "आज बैलाला जू न्हाई, मास्तर. आज त्येचा सण," तो म्हणाला. मग मास्तरांच्या खांद्यावरच्या तिवईकडे बघून त्याने सल्ला दिला, "तुमी हाय की मोकळं." वर्षभर ओझी वाहणारे बैल आंघोळ करून, गळ्यात माळा घालून सावलीत रवंथ करत उभे होते आणि एक भूगोलाचा शिक्षक तिवई खांद्यावर घेऊन चिखलातून निघाला होता. काकवीच्या वासावर माश्या आणि गांधीलमाश्या त्यांच्या पाठोपाठ निघाल्या, तेवढीच काय ती सोबत.

गुंजवण्याच्या शिवेवर मात्र नवल घडलं. हलगी वाजत होती. रखमाजी पाटील फेटा बांधून उभे होते, मागे सारा गाव. मास्तरांची तिवई कुणी घेतली, पिशवी कुणी घेतली. पाटलांच्या ओसरीवर घोंगडी टाकून त्यांना बसवलं आणि पाटलांच्या आई धोंडाबाई यांनी पुरणपोळ्यांवर तूप ओतलं. मास्तर सुधारक मताचे होते, म्हणजे कुणी भोरकर बघत नसेल तिथे ते कुठेही जेवत. जेवता जेवता त्यांना भरून आलं. इटलीतल्या शेतकऱ्यांची द्राक्षं त्यांना आठवली. आपल्या कलेची किंमत सासुरवाडीला नाही, शाळेत नाही, ती इथे, डोंगराच्या कुशीत आहे, असं त्यांना वाटलं, आणि ह्या भोळ्या माणसांवर आपण एखादा लेख लिहावा असंही वाटून गेलं.

ओढ्याकाठच्या आंब्याखाली त्यांनी तिवई मांडली. समोर राजगड होता. पावसाने धुतलेला, पद्मावती माचीवर ऊन, मागे बालेकिल्ल्याला ढग लागलेला. मास्तरांनी पातळ रंगाने आभाळ भरलं आणि आभाळ ओघळलं नाही. डोंगर काढला, त्याचा उंट झाला नाही. दाट पांढऱ्याने ढग टेकवला, तो जिथे टेकवला तिथेच राहिला. कसं झालं हे त्यांचं त्यांना कळेना, पण ते चित्र खरोखर चांगलं आलं होतं. मास्तर दोन पावलं मागे सरकले आणि आनंदाने त्यांचे डोळे भरले. त्यांना खिळा दिसला, खिळ्यावर चित्र दिसलं, आणि खाली बसलेले, आता मुळीच न हसणारे त्रिंबकराव दिसले.

एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की भोवती बैल गोळा झाले आहेत. न्हाऊ घातलेले, झुली पांघरलेले, ओळीने उभे केलेले. चित्राच्या पुढच्या भागात थोडी गुरं असावीत असं साहेबाचं मत होतंच. मास्तरांनी ती सोय गावकऱ्यांनी आपणहून केली असं समजून मान डोलावली आणि परत खाली बसून एक लहानसा पांढरा बैल कागदाच्या कोपऱ्यात काढला.

गेनबा म्हणून एक जण कासरा धरून अगदी जवळ उभा होता. तो बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाला, "नमुना झ्याक झालाय. पर आमच्या ढवळ्याला हिरवा नको, तांबडा पायजे."

मास्तर हसले. पांढरा बैल तांबडा काढता येत नाही, कलेत सत्य पाळावं लागतं, असं त्यांनी समजावलं. गेनबाला ते पटलं असावं, कारण त्याने पुढे काही न बोलता ढवळ्याचं डोकं खाली दाबलं आणि एक शिंग मास्तरांच्या मांडीवर आणून ठेवलं.

मग उलगडा झाला. तो दोन्ही बाजूंना सारखाच जड गेला. मास्तर ताठ उभे राहिले. आपण चित्रकार आहोत, डोंगराचं चित्र काढायला आलो आहोत, शिंगं रंगवणं हे आपलं काम नव्हे, असं त्यांनी वर्गात बोलायच्या आवाजात सांगितलं. डोंगर मुळातच हिरवा आहे, त्याला आणखी रंग कशापायी, एवढाच एक प्रश्न मागून आला. रखमाजी पाटलांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"मास्तर, म्या साऱ्या गावाला सांगितलं, यंदा हिंगूळ आणू नका, सरकारातनं रंगवाला येतोय. कुणीबी रंग आणला न्हाई. आता दिस कलला. पल्याडच्या गावची बैलं रंगून बसल्यात, मिरवणूक मारुतीम्होरं भेटायची हाय. बिनरंगाची शिंगं घिऊन म्या कुठं जाऊ? त्यापरीस माज्या तोंडाला काळं फासा. तेवढा तर रंग आसंल तुमच्याकडं."

मास्तर विरघळले, असं कुणी समजू नये. ते म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, पण कलेची काही प्रतिष्ठा असते. तेव्हा धोंडाबाई पुढे आल्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "पोळ्या वाढल्या तवा न्हाई सांगितलं, म्या शिंगवाला न्हाई म्हून."

यावर साहेबाच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. शिवाय चहूकडून बैलांनी रस्ता अडवला होता आणि त्यातला एक मास्तरांच्या पिशवीचा वास घेत होता. मास्तरांनी कोटाच्या बाह्या वर केल्या.

पहिला मान पाटलांच्या बैलाचा. मास्तरांनी त्याला तांबडा दिला, वर टोकाला पिवळा. कडेने लोक बघत होते आणि कुणीतरी "लई ब्येस" म्हणालं. मास्तरांच्या कुंचल्याला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या बैलाला त्यांनी पट्टे ओढले, तिसऱ्याला ठिपके. ढवळ्याच्या शिंगावर तर त्यांनी पुस्तकातल्याप्रमाणे आधी पातळ, मग दाट असा थर दिला आणि एक बाजू गडद केली. गेनबाने ही बाजू काळी का म्हणून विचारलं. ती सावली आहे, मास्तर म्हणाले. "सावली त्येची त्यो पाडील," गेनबा म्हणाला, "तुमी रंग घाला." मास्तरांनी रंग घातला. टोपी मागे सरकली होती, कपाळावर तांबडा लागला होता, डाव्या हातात शिंग, उजव्या हातात कुंचला, आणि खरं सांगायचं तर गेल्या चार महिन्यांत ते इतके सुखात कधी नव्हते.

"आठल्ये, जरा इकडे बघा," असा ओळखीचा आवाज आला आणि मास्तरांनी हसत हसत वर बघितलं.

ओढ्यापलीकडे त्रिंबकराव उभे होते. डोळ्याला कॅमेरा, पाठीमागे भाड्याची मोटार. ती चिखलात रुतू रुतू तिथवर आणलेली दिसत होती. गडाचा फोटो काढायला आणि जमल्यास साडूची फजिती बघायला ते आले होते. दोन्ही कामं एका खटक्यात झाली. "गड मागे आलाय," एवढंच ते म्हणाले, त्यांनी कॅमेऱ्याची घडी केली आणि ते मोटारीत बसले. मास्तर कुंचला हातात घेऊन मोटारीमागे ओढ्यातून धावले. फोटो काढायला परवानगी लागते, कचेरीत कळवीन, असलं काय काय ते ओरडत होते. मोटार चिखल उडवून गेली.

मास्तर निथळत परत आले, तेव्हा ढवळ्या त्यांच्या तिवईसमोर उभा राहून राजगड चाटत होता.

आभाळ त्याने आधीच संपवलं होतं. पद्मावती माची अर्धी गेली होती, बालेकिल्ला जिभेच्या टोकावर होता. मास्तरांनी झेप घेऊन त्याचं शिंग धरलं आणि ओल्या रंगाने त्यांचा पंजा तांबडा झाला. कागदावर उरला तो एक करडा ओघळ आणि कोपऱ्यातला लहानसा पांढरा बैल. तेवढा मात्र ढवळ्याने ठेवला होता. मास्तरांना खरोखर रडू आलं, आणि गावाने ते बघू नये म्हणून त्यांनी डोळ्यांना हात लावला, तेव्हा डोळेही तांबडे झाले.

पण गावाला बघायला वेळ कुठे होता? हलगी सुरू झाली, मिरवणूक निघाली. पाटलांचा बैल पुढे, बाकीचे मागे. मागच्या बैलाने जरा मान लांबवली आणि पुढच्याचं शिंग चाटलं. ते त्याला आवडलं. त्याच्या मागच्याला ते दिसलं. मग कासरे ओढले, शेपट्या पिरगळल्या, काही उपयोग झाला नाही. सगळे बैल एकमेकांच्या डोक्याला बिलगून गोल फिरू लागले आणि जो तो दुसऱ्याची शिंगं साफ करू लागला. भांडकुदळ म्हणून वेगळे बांधायचे बैलसुद्धा गळ्यात गळा घालून चालले होते. गांधीलमाश्या वर घोंगावत होत्या. पलीकडच्या गावाची मिरवणूक मारुतीपुढे थांबून हे प्रेम तोंड उघडं टाकून बघत राहिली. गुंजवण्याचे बैल देवापुढे आले, तेव्हा त्यांची शिंगं आईच्या पोटातून आल्यासारखी स्वच्छ होती.

रखमाजी पाटलांनी एका बोटाने शिंग पुसलं आणि ते बोट जिभेला लावलं. "काकवी," ते म्हणाले. मास्तरांना वाटलं आता आपली धडगत नाही. पण धोंडाबाईंनी बैलांकडे बघून निकाल देऊन टाकला, की रंग जाऊ दे, सणाच्या दिशी बैलांचं तोंड गोड झालं, आजवर कुणाला सुचलं न्हाई. पल्याडच्या गावच्या पाटलाने तर हा नवीन रिवाज सरकारातून आलाय काय, अशी चौकशी केली. रखमाजींनी मिशीला पीळ दिला आणि व्हय म्हणून सांगितलं. निरोप देताना ते मास्तरांना प्रेमाने म्हणाले, "म्होरल्या साली रंगाचा कुटाणा नका करू. नुस्ती काकवी धाडा."

कोजागिरीला पुण्यात साठीची शांत झाली. मास्तरांनी चाटलेला कागद बरोबर नेला होता. अंबूबाईंनी नको नको म्हटलं, पण दुसरं होतं काय? तो उलगडून ते म्हणाले की ढग खाली उतरले आहेत, अशा वेळी गड दिसत नसतो, जाणवतो. सासरेबुवांनी कागद हातभर लांब धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "ढग दिसतात," ते म्हणाले, "बैलही दिसतो. गडाची जाणीव मात्र होत नाही."

मग त्रिंबकरावांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट सोडली. फोटो चांगला हातभर मोठा करून आणला होता. मागे राजगड अगदी स्वच्छ, माचीनमाची दिसावी असा. पुढे बैल. आणि मधोमध टोपी सरकलेले, शिंग धरून हसणारे आठल्ये मास्तर. मग सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि दिवाणखाना हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. अंबूबाई हसल्या नाहीत, पण आत निघून गेल्या आणि स्वयंपाकघरातून खोकल्यासारखा आवाज बराच वेळ येत राहिला.

"ह्यात गड आहे आणि जावईही आहे," सासरेबुवा म्हणाले, आणि नेमणूक झाली. खिळ्यावर फोटो चढला. पण चौकट जरा सैल होती, फोटो आत हलत होता. मागे घालायला जाडसर काहीतरी हवं होतं. सासरेबुवांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर मास्तरांच्या मांडीवर स्थिरावली. "आठल्ये, तुमचा तो कागद चांगला जाड दिसतो."

विलायती कागद होता, जाड असणारच. तो बरोबर बसला. अशा रीतीने मास्तरांनी पंगतीत दिलेला शब्द पाळला गेला. त्यांचा राजगड त्याच खिळ्यावर लागला. फक्त तोंड भिंतीकडे होतं.

फोटो अजून तिथेच आहे. आल्यागेल्याला सासरेबुवा काठीने दाखवतात, हा गड, हे आमचे भोरचे जावई, रंगकामात आहेत. शिंगं कोणत्या रंगाची होती असं पाहुणे विचारतात. फोटोत ती काळी दिसतात. दर वर्षी पाऊस सरला की भिंतीवर मुंग्यांची रांग लागते आणि ती थेट त्या चौकटीपाशी जाते. सासूबाई रॉकेलचा बोळा फिरवतात, दोन दिवसांनी रांग पुन्हा येते. त्रिंबकराव म्हणतात, फोटो धुण्याच्या औषधात काहीतरी असावं. सासरेबुवांना फोटोत एवढं गोड काय आहे ते समजत नाही. समोर झोपाळ्यावर आठल्ये मास्तर बशीत चहा ओतून घेत बसलेले असतात. मुंग्या त्रिंबकरावांच्या फोटोवरून चालत येतात, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता काठावरून वळतात आणि मागे जातात.